आद्य ख्रिस्ती धर्मवादांत तत्त्वज्ञानाचं काय काम होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसवी सन 150 ते 550 या चारशे वर्षांत ख्रिस्ती मंडळीत जे मोठे वाद झाले, त्यांच्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरं देताना माझं एक मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. एका बाजूला श्रद्धावान आणि दुसऱ्या बाजूला तत्त्वज्ञ अशी वाटणी या वादांत कधीच नव्हती. दोन्हीकडची माणसं एकाच प्रकारच्या शाळांत शिकली होती आणि तेच ग्रीक शब्द वापरत होती. भांडण होतं ते या शब्दांचं ऐकायचं किती आणि त्यांना वाकवायचं कुठे, यावर.

येशूचे शिष्य म्हणजे गालीलातले कोळी. मग यात प्लेटो आणि ॲरिस्टॉटल घुसले कधी?

ते घरातच होते. नवा करार ग्रीक भाषेत आहे. पौल अथेन्समध्ये बोलायला उभा राहतो तेव्हा समोर एपिकूरपंथी आणि स्तोयिक विचारवंत असतात, आणि 'आपण त्याचाच वंश आहोत' ही जी ओळ तो त्यांना ऐकवतो ती अरातस या ग्रीक कवीची आहे. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात 'प्रारंभी शब्द होता' अशी. तिथे मूळ शब्द लोगोस. स्तोयिकांच्या लेखी लोगोस म्हणजे विश्वाला धरून ठेवणारी बुद्धी. येशूच्याच काळात अलेक्झांड्रियात राहणारा यहुदी विचारवंत फिलो याच शब्दाने देव आणि जग यांच्यातला दुवा सांगत होता.

पण खरी सुरुवात झाली ती दुसऱ्या शतकात, शिकलीसवरलेली माणसं ख्रिस्ती होऊ लागली तेव्हा. त्यांतला जस्टिन आजच्या नाब्लुस गावचा. गुरूच्या शोधात आपण कुठे कुठे फिरलो ते त्यानेच लिहून ठेवलं आहे. पहिला गुरू स्तोयिक. त्याला देवाविषयी काही सांगता येईना आणि त्याची गरजही वाटेना. दुसरा ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला, त्याने थोड्याच दिवसांत फीची गोष्ट काढली. पायथागोरसपंथी म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. शेवटी प्लेटोच्या अनुयायांपाशी त्याचं मन रमलं. मग समुद्राकाठी एक म्हातारा भेटला. आत्मा स्वभावतःच अमर असतो हे तुला कशावरून माहीत, असं त्याने विचारलं आणि जस्टिनला संदेष्ट्यांची वाट दाखवली. ख्रिस्ती झाल्यावरही जस्टिनने तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. लोगोसला धरून जगलेले सगळे ख्रिस्तीच, मग ते सॉक्रेटिस असोत की हेराक्लायटस, असं त्याने लिहिलं. 165 च्या सुमारास रोममध्ये श्रद्धेसाठी त्याचा शिरच्छेद झाला.

'अथेन्सचा यरुशलेमशी काय संबंध?' असं टर्टुलियन म्हणाला होता ना? मग आद्य ख्रिस्ती तत्त्वज्ञानाच्या विरोधातच होते की!

हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते लिहिणारा माणूस कार्थेजचा, लॅटिन वक्तृत्वात मुरलेला. सगळ्या पाखंडांचं मूळ तत्त्वज्ञानात आहे असं तो 200 च्या सुमारास ठणकावून सांगत होता, आणि तसं त्याला खरोखर वाटत होतं. पण त्याचंच बाकीचं लेखन उघडून पाहा. जे जे आहे ते आपापल्या परीने शरीरच आहे, आत्मासुद्धा, असं तो मानतो. हे सरळ स्तोयिक मत आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यासाठी त्याने लॅटिनमध्ये 'ट्रिनिटास' शब्द रूढ केला आणि 'एक सब्स्टॅन्शिया, तीन पर्सोना', म्हणजे एक सत्त्व, तीन व्यक्ती, ही मांडणी केली. पुढची सगळी पाश्चात्त्य मंडळी या शब्दांवर उभी आहे. तत्त्वज्ञानाला दारातून हाकलणाऱ्याच्या घरातही ते होतंच.

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट नेमका उलट बोलत होता. यहुद्यांना जसं नियमशास्त्र, तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान. दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारे शिक्षक. त्याच्या नंतरच्या ओरिजेनने आपल्या एका शिष्याला सांगितलं की इस्राएल लोकांनी मिसरमधून निघताना तिथलं सोनं बरोबर आणलं आणि त्याची देवाच्या मंडपासाठी भांडी घडवली, तसं ग्रीक विद्येचं कर. आणि पुढे इशाराही दिला: त्याच सोन्याची मूर्ती करणारेही निघतात.

आरियसचं म्हणणं नेमकं काय होतं? तो ख्रिस्ताला मानत नव्हता का?

मानत होता, पूजतही होता. आरियस हा अलेक्झांड्रियातला वयस्क, विरक्त वृत्तीचा धर्मगुरू. 318 च्या सुमारास बिशप अलेक्झांडरशी त्याचा वाद जुंपला. देव एकच, आणि तो कुणापासूनही न झालेला, हे दोघांनाही मान्य होतं. आरियस पुढे म्हणाला, पुत्र पित्यापासून जन्मला असेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर देवाचे तुकडे पडले, म्हणजे देव एखाद्या वस्तूसारखा विभागता येतो. हे अशक्य. नाहीतर पुत्र देवाच्या इच्छेने शून्यातून निर्माण झाला. सगळ्या सृष्टीच्या आधी, सगळ्यांत श्रेष्ठ, तरी निर्माण झालेला. म्हणून त्याचं ते गाजलेलं वाक्य: 'तो नव्हता, असं एकदा होतं.' वचनं त्याच्याकडेही होती. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान म्हणतं की परमेश्वराने मला उत्पन्न केलं. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे तर खुद्द येशूचं.

आरियसला नुसता खलनायक करून सोडून देऊ नये असं मला वाटतं. त्याचा तर्क सरळ आहे आणि त्यामागचं जगाचं चित्र त्या काळच्या प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या ओळखीचं होतं. वर अगम्य 'एक', त्याखाली बुद्धी, त्याखाली विश्वात्मा, मग हे जग. प्लोटिनसने तिसऱ्या शतकात हीच उतरंड सर्वांत प्रभावीपणे मांडली. या चित्रात देव आणि जग यांच्यामध्ये पायऱ्या असतात, आणि आरियसचा पुत्र त्यांतल्या वरच्या पायरीवर छान बसतो.

अलेक्झांडर आणि त्याच्यानंतरचा अथनेशियस यांनी ती मधली पायरीच काढून टाकली. जे आहे ते एक तर निर्माता, नाहीतर निर्मित. अधलंमधलं काही नाही. निर्मित पुत्र आपल्याला देवापर्यंत नेईल कसा, तो स्वतःच या बाजूचा असताना? आणि पिता जर शाश्वत पिता असेल, तर पुत्राशिवायचा पिता कधी होता का? तेजाशिवाय प्रकाश असतो का? आरियसपंथीयांनी श्रद्धेत तत्त्वज्ञान मिसळलं आणि निकियावाल्यांनी, म्हणजे 325 च्या निकिया परिषदेत आरियसला नाकारणाऱ्यांनी, ती शुद्ध ठेवली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण ग्रीक विचारांशी मोठी फारकत निकियावाल्यांनी घेतली आणि ती घेतली तत्त्वज्ञानाचीच हत्यारं वापरून, हे त्यात सांगायचं राहून जातं.

निकियाच्या परिषदेत बायबलमध्ये नसलेला शब्द का घातला?

325 च्या उन्हाळ्यात निकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, सम्राट कॉन्स्टँटाइनने परिषद बोलावली. सुमारे तीनशे बिशप जमले होते. परंपरा 318 सांगते. आधी शास्त्रातलेच शब्द घ्यायचं ठरत होतं. अथनेशियस तेव्हा अलेक्झांडरचा तरुण मदतनीस म्हणून तिथे हजर होता. त्याची हकिकत अशी: 'पुत्र देवापासून आहे' असं लिहू या, असं सुचवलं की समोरचा गट एकमेकांना खुणावायचा. कारण 'सर्व काही देवापासून आहे' असं पौलानेच लिहिलेलं. मग आपणही देवापासूनच. एकेक शास्त्रवचन असं त्यांच्या अर्थातही बसायला लागलं. शेवटी ज्याच्यावर त्यांना सही करताच येणार नाही असा शब्द शोधला गेला: 'होमोऊसिओस', पित्याशी एकाच सत्त्वाचा.

हा शब्द बदनाम होता. दुसऱ्या शतकातले ज्ञानमार्गी (ग्नॉस्टिक) ख्रिस्ती पंथ तो वापरत, आणि 268 मध्ये अंत्युखियाच्या परिषदेने तिथल्याच बिशपविरुद्ध, सामोसाटाच्या पौलाविरुद्ध (हा प्रेषित पौल नव्हे), निर्णय देताना तो नाकारला होता. कैसरियाचा बिशप आणि इतिहासकार युसेबियस सही करून परतला तेव्हा त्याला आपल्या मंडळीला पत्र लिहून समजूत घालावी लागली की यात देवाला शरीर असल्याचा किंवा त्याचे भाग पडल्याचा अर्थ नाही. आरियसबरोबर ठाम राहिले दोनच बिशप, सेकुंदस आणि थिओनास, दोघेही लिबियाकडचे. त्यांना आरियससोबत हद्दपारी मिळाली.

मग 325 मध्ये वाद मिटला?

छे! खरा गुंता तिथूनच वाढला. निकियाच्या मसुद्याच्या शेवटी जे शाप जोडले होते त्यांत 'ऊसिया' (सत्त्व) आणि 'हिपोस्टॅसिस' (खरं, स्वतंत्र अस्तित्व) हे दोन शब्द एकाच अर्थाने आले होते. पूर्वेत बरेच जण ओरिजेनच्या परंपरेप्रमाणे तीन हिपोस्टॅसिस म्हणत. ते ऐकून दुसऱ्यांना वाटे, हे तीन देव मानतात. एकच हिपोस्टॅसिस म्हटलं की पहिल्यांना वाटे, हे पिता आणि पुत्र यांच्यातला भेदच पुसून टाकतात. अथनेशियसची पाच वेळा हद्दपारी झाली. बिशपपदाच्या 45 वर्षांतली सुमारे 17 वर्षं त्याने बाहेर काढली.

तत्त्वज्ञानाशिवाय भागेल का, याचा प्रयोगसुद्धा या काळात झाला, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सम्राट कॉन्स्टँटियसच्या पाठिंब्याने 360 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ठराव झाला की 'ऊसिया' हा शब्द लोकांना कळत नाही, शास्त्रात नाही, त्याने गोंधळ होतो, म्हणून यापुढे तो वापरायचाच नाही. पुत्र पित्यासारखा आहे एवढं म्हणा आणि गप्प बसा. पण 'सारखा' म्हणजे कशात सारखा? इच्छेत, सामर्थ्यात, की सत्त्वात? शब्द बंद केल्याने प्रश्न बंद झाला नाही. दोनच वर्षांत अलेक्झांड्रियात अथनेशियसने उलटा मार्ग धरला. तीन हिपोस्टॅसिस म्हणणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला तीन वेगवेगळे देव म्हणायचे आहेत का? ते म्हणाले, नाही. एक म्हणणाऱ्यांना विचारलं, पुत्र आणि आत्मा नुसती नावं आहेत असं तुम्हाला म्हणायचं आहे का? तेही म्हणाले, नाही. मग दोघांचं एकच आहे असं लेखी ठरलं. चौथ्या शतकातली ही मला सर्वांत आवडणारी बैठक आहे.

पक्की मांडणी केली ती आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकियाच्या तिघांनी: बेसिल, त्याचा धाकटा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. बेसिल आणि त्याचा हा मित्र अथेन्समध्ये शिकलेले. बेसिलने लिहिलं की ऊसिया आणि हिपोस्टॅसिस यांच्यातला फरक सामान्य आणि विशिष्ट यांच्यातल्या फरकासारखा आहे, 'माणूस' आणि 'अमुक एक माणूस' यांच्यासारखा. एक ऊसिया, तीन हिपोस्टॅसिस. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर हीच भूमिका साम्राज्याची झाली.

'माणूस' एक आणि अमुक, तमुक असे तीन. मग हे तीन देव झाले ना?

हा प्रश्न त्या काळीच अब्लाबियस नावाच्या एकाने विचारला होता आणि निसाच्या ग्रेगरीने त्याला लांब उत्तर लिहिलं. त्यात दोन मुद्दे आहेत. पहिला असा की 'तीन माणसं' म्हणणं हीच मुळात ढिली भाषा आहे; मनुष्यस्वभाव एकच असतो. हे मला पटत नाही आणि बहुतेक वाचकांना पटणार नाही. दुसरा मुद्दा भारी आहे. तीन शेतकरी आपापलं शेत स्वतंत्रपणे कसतात, म्हणून ते तीन. देवाचं प्रत्येक काम मात्र पित्यापासून निघतं, पुत्राद्वारे पुढे जातं आणि आत्म्यात पूर्ण होतं. तिघांची तीन कामं दाखवता येत नाहीत, म्हणून तीन देव म्हणता येत नाही. देव म्हणजे काय हे आपल्याला त्याच्या कामावरूनच कळतं, त्याचं सत्त्व आपल्या हाती लागत नाही, हे इथे गृहीत आहे.

या गृहीतावरच आरियसच्या वळणाच्या युनोमियसशी मोठा वाद झाला. तो म्हणत होता, 'न जन्मलेला' हा शब्द देवाचं सत्त्वच सांगतो. मग जन्मलेला पुत्र त्या सत्त्वाचा असणं शक्यच नाही. बेसिलने उत्तर दिलं की नावं माणसाची बुद्धी घडवते, ती वस्तूचं सत्त्व उघडं करत नाहीत. नावं निसर्गाने आली की माणसांनी ठरवली, हा प्लेटोच्या 'क्रॅटिलस' संवादातला जुना प्रश्न. आता त्याच्यावर पुत्राचं देवत्व अवलंबून होतं.

सामान्य माणसाला यातलं काही कळत होतं का?

383 च्या सुमाराचं कॉन्स्टँटिनोपल निसाच्या ग्रेगरीने वर्णन केलं आहे. सुटे पैसे मागितले तर समोरचा जन्मलेला आणि न जन्मलेला यांवर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारला तर उत्तर येतं, पिता थोर आणि पुत्र त्याच्या खालचा. न्हाणीघर तयार आहे का म्हटलं तर सेवक सांगतो, पुत्र शून्यातून झाला. ग्रेगरी वैतागून लिहितोय, त्यामुळे रंग जरा गडद असेल. पण आरियसनेही आपली मतं चालीवर म्हणता येतील अशा पद्यात मांडली होती. वाद रस्त्यावर होता यात शंका नाही.

ख्रिस्त देव की माणूस, या वादातही तत्त्वज्ञान होतं?

तिथे तर ते सर्वांत स्वच्छ दिसतं. एक गृहीत बहुतेकांना मान्य होतं: कोणताही स्वभाव, म्हणजे देवपण किंवा माणूसपण, हवेत तरंगत नाही, तो कुठल्या तरी हिपोस्टॅसिसमध्येच असतो. आता यावरून दोन टोकांना जाता येतं. ख्रिस्तात दोन पूर्ण स्वभाव आहेत, म्हणून हिपोस्टॅसिसही दोन हवेत. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याच्या बाजूचे याकडे झुकले. किंवा ख्रिस्त एकच हिपोस्टॅसिस आहे, म्हणून देवपण आणि माणूसपण एक झाल्यावर स्वभावही एकच. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याचे कट्टर अनुयायी इथे पोचले. 431 मध्ये इफिसच्या परिषदेने नेस्टोरियसला दोषी ठरवलं. 451 मध्ये कॅल्सेडनला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या काडिकॉयला, ठरलं की एकच हिपोस्टॅसिस, पण दोन स्वभावांत. मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. चारही शब्द नकाराचे. परिषदेने ते गृहीतच नाकारलं, मात्र त्याच्या जागी काय मानायचं ते सांगितलं नाही. इजिप्त, सिरिया आणि आर्मेनियातल्या मंडळ्या वेगळ्या झाल्या आणि आजही वेगळ्या आहेत.

सहाव्या शतकात त्याच गृहीताने अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसला कुठे नेलं ते पाहण्यासारखं आहे. ॲरिस्टॉटलचा हा अव्वल भाष्यकार. जग अनादी आहे हे मत त्याने 529 मध्ये प्लेटोपंथी प्रॉक्लसविरुद्ध खोडून काढलं. स्वभाव फक्त व्यक्तींमध्येच खरा असतो, सामान्य स्वभाव केवळ बुद्धीत, हे तत्त्व त्याने त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एक देव या शिकवणीला, लावलं. मग तीन हिपोस्टॅसिस म्हणजे तीन स्वभाव. त्याच्यावर तीन देव मानल्याचा ठपका आला आणि 680-81 च्या परिषदेने त्याला मृत्यूनंतर शापित ठरवलं. तर्कात त्याची चूक दाखवणं सोपं नाही.

हायपेशियाची हत्या म्हणजे चर्चने तत्त्वज्ञान संपवलं असंच ना?

415 मध्ये अलेक्झांड्रियात ख्रिस्ती जमावाने हायपेशिया या प्लेटोपंथी विदुषीला ठार केलं. ते कृत्य अमानुष होतं आणि त्यासाठी कुठलंही समर्थन पुरत नाही. सॉक्रेटिस नावाचा ख्रिस्ती इतिहासकारसुद्धा लिहून गेला की यामुळे सिरिल आणि त्याच्या मंडळीला काळिमा लागला. मागे शहरातल्या सत्तेचा झगडा होता. पण त्याच हायपेशियाचा शिष्य सिनेसियस काही वर्षांपूर्वीच बिशप झाला होता. जन्माआधीही आत्मा असतो आणि जगाचा नाश होत नाही ही आपली मतं आपण सोडणार नाही, असं त्याने आधी पत्रात स्पष्ट कळवलं होतं, आणि तरी त्याला नेमलं. 529 मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद केलं; अलेक्झांड्रियातल्या शाळा मात्र पुढेही चालू राहिल्या.

हे सगळं मुळात राजकारण नव्हतं का?

राजकारण भरपूर होतं. हद्दपाऱ्या सम्राट करत, आणि अलेक्झांड्रिया, अंत्युखिया व कॉन्स्टँटिनोपल एकमेकांना पाण्यात पाहत. पण 360 मध्ये सम्राटाची ताकद पूर्णपणे एका बाजूला असताना ती बाजू टिकली नाही. त्याचं कारण सत्तेच्या हिशेबात सापडत नाही.

ग्रीक विचारांनी मूळ साधा ख्रिस्ती धर्म बिघडवला, हे खरं का?

जर्मन इतिहासकार आडोल्फ फॉन हार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही मांडणी गाजवली: धर्मसिद्धांत म्हणजे शुभवर्तमानाच्या जमिनीवर ग्रीक बुद्धीने केलेलं काम. त्यात तथ्य आहे, विशेषतः देवाला दुःख किंवा बदल स्पर्शत नाही या कल्पनेबाबत. ती बायबलमधून तितकी येत नाही जितकी शाळांमधून येते, आणि तिने वधस्तंभाचा अर्थ लावणाऱ्यांना शतकानुशतकं छळलं. पण जिथे गरज पडली तिथे ख्रिस्ती विचारवंतांनी ग्रीकांना नाकारलंही. जस्टिन अजून प्लेटोसारखं म्हणत होता की देवाने अघड द्रव्यातून जग घडवलं. थोड्याच वर्षांत अंत्युखियाच्या थिओफिलसने ठासून सांगितलं की द्रव्यही देवानेच शून्यातून निर्माण केलं. 'शब्द देही झाला' हे तर कोणत्याही प्लेटोपंथीयाला पचणारं नव्हतं.

याचा भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध येतो का?

थोडा, पण खरा. क्लेमेंटचा गुरू पँटेनस आधी स्तोयिक होता. तो भारतापर्यंत गेला अशी नोंद युसेबियस करतो. 'भारत' हे नाव तेव्हा अरबस्तानच्या दक्षिण भागालाही लावत, त्यामुळे त्यावर फार मजले चढवू नयेत. क्लेमेंटने बुद्धाचा उल्लेख केला आहे, इतकं नक्की. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की कल्लियाना नावाच्या गावी पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. ते आपलं ठाण्याजवळचं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. पर्शियाची मंडळी म्हणजे इफिसचा निर्णय न मानणारी. 431 च्या भांडणाचा एक धागा असा कोकण किनाऱ्यापर्यंत येतो.

आणि पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांवर कडाडून वाद घातला. संस्कृत दर्शनांवर वाढलेल्या त्या बाईंना परिषदांचा हवाला पुरेना. बायबलमधून दाखवा, हा त्यांचा आग्रह. ती पत्रं वाचताना निकियाच्या सभागृहातला पेच पुन्हा समोर येतो.

वाचायला सुरुवात कुठून करू?

मूळ लेखनापासून, आणि छोट्यापासून. जस्टिनच्या 'त्रिफोशी संवाद'ची पहिली आठ प्रकरणं, मग अब्लाबियसला लिहिलेलं ग्रेगरीचं उत्तर. ते एका बैठकीत होतं. त्यानंतर ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'चा सातवा भाग. मिलानमध्ये 386 च्या सुमारास प्लेटोपंथीयांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरात वाचून त्याला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, याचा हिशेब तिथे आहे. त्रैक्यावरचा त्याचा पंधरा भागांचा ग्रंथ मात्र लगेच हाती घेऊ नका. घ्यालच तर पाचव्या भागापासून सुरू करा. तिथे तो सांगतो की 'तीन व्यक्ती' असं आपण म्हणतो ते त्यातून सगळं सांगून होतं म्हणून नव्हे, अगदीच मुकं राहायला नको म्हणून.